तोलून वाढलेलं ताट

शाळेतली मुलं त्यांना तोलाराम म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण मुतारीच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं मी स्वतः दोनदा पुसायला लावलं होतं. सरांना ते माहीत होतं. एकदा स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी, म्हणजे आम्ही चहा घेत होतो आणि ते नुसतं गरम पाणी घेऊन बसले होते, स्वतःच म्हणाले, "नाव काही वाईट नाही जी मॅडम. उलट चांगलंच आहे. मास्तराले याच्यापेक्षा लय वाईट नावं ठेवतात पोट्टे."

बालाघाटच्या त्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी संस्कृत. शिवाय आम्ही शेजारी. एकाच घरमालकाची दोन जोडघरं, मधली भिंत एक, मागचं अंगण एक. आमचे हे उकव्याला मॅंगनीजच्या खाणीवर नोकरीला, रविवारी तेवढे घरी यायचे. आठवड्याचे सहा दिवस माझ्या घरात आवाज असा नसायचाच. ऐकू यायचं ते भिंतीपलीकडचं घर.

सरांच्या खिशात कायम चष्म्याचं एक घर असायचं, पण चष्मा त्यांना नव्हता. त्या घरात सोनाराकडे असतो तसला लहानसा काटा होता. लालबर्र्याला त्यांच्या साळ्याच्या नव्या घराचं जेवण होतं, तिथे मी तो काटा पहिल्यांदा चारचौघांत बाहेर आलेला पाहिला. मटणाची पंगत बसली होती. सरांनी आपल्या लहान मुलीचं ताट उचललं, सरळ नळाकडे गेले, एकेक फोड पाण्याखाली धरून तिचा रस्सा धुऊन काढला, रुमालानं टिपली आणि काट्यावर ठेवली. मग पिशवीतून तुपाची बाटली काढली. सगळी पंगत जेवायची थांबून बघत होती. कोणीतरी मोबाइल काढला. साळा बिचारा लाल झाला. "काहून जीजाजी, आमच्या घरचं मटण इतकं खराब आहे का, धुवून खाऊन राह्यले?"

सर मान वर न करता म्हणाले, "मटण फर्स्ट क्लास आहे. रस्सा तेवढा तुमचा तुम्हाले वापस."

लोक हसले. मुलगीही हसली. मोजून घातलेल्या सगळ्या फोडी तिनं खाल्ल्या. वहिनी मात्र, म्हणजे सरांची बायको, माहेरच्या माणसांत मान खाली घालून बसली होती. तिचं ताट तसंच राहिलं.

मुलीचं नाव संघमित्रा, घरी सगळे मित्रा म्हणत. तीन वर्षांची असताना तिला फिट येऊ लागल्या. उभी असताना एकदम धप्पकन पडायची. दिवसातून दहादा, वीसदा. कपाळावरची एक जखम सुकायच्या आत दुसरी व्हायची. सरांनी तिला सायकलवाल्या पोरांचं हेल्मेट आणून दिलं होतं. ती घरात, अंगणात तेच घालून खेळायची. तीन तऱ्हेची औषधं झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही मुलांच्या फिट विशिष्ट आहारानं कमी होतात, करून पाहू. आहार असा की भात नाही, पोळी नाही, साखर नाही, गूळ नाही. डाळ आणि फळं नावापुरती. तूप, लोणी, मलई, खाण्याचं खोबरेल, अंडी, पनीर यांवरच पोट भरायचं आणि ते सगळं ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलून. आहारतज्ज्ञ बाईंनी आकड्यांनी भरलेला कागद दिला. पथ्य बरोबर चाललंय की नाही हे पाहायला पट्ट्या दिल्या. लघवीत बुडवली की पट्टी गडद जांभळी व्हायला हवी.

त्या दिवशी नागपूरहून परतल्यावर वहिनी माझ्या ओट्याला टेकून रडली. "पोट्टीले भात द्याचा नाही म्हणते ताई. मंग देऊ काय?" आमच्याकडे जेवण म्हणजे भात. चारी बाजूंना धान, रस्त्यारस्त्यावर राईस मिल. पोळ्या केल्या तरी शेवटी भात खाल्ल्याशिवाय माणूस ताटावरून उठत नाही.

सरांना तोपर्यंत चहासुद्धा करता येत नव्हता. तो माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी उभा राहिला आणि पुढं तीन वर्षं तिथून हलला नाही. वहिनीला त्यांनी मुलीच्या स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. "तुझा हात मोठा आहे," म्हणायचे. तिचा हात मोठा होता हे खरंच. ती वाढायची तेव्हा माणूस नको नको म्हणेपर्यंत वाढायची.

तीन आठवड्यांनी मित्राचं पडणं विसावरून चार-पाचावर आलं. सहा महिन्यांनी हेल्मेट खुंटीला लागलं.

वस्तीत मात्र भलतंच पसरलं. मास्तर पोरीला डोक्याचं तेल पाजतो. पोरगी तूप पिऊन पिऊन राणी होणार आहे. सर कुणाला समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी एवढंच ठरवलं की मुलगी एकटीच वेगळ्या ताटावर नको. मुलगी जे खाईल तेच आपण खायचं. तेही तसंच खाऊ लागले. वर्षभरात त्यांची पॅन्ट कमरेला चुण्या पाडून पट्ट्यानं आवळलेली दिसू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, डाइटिंग कर रहे हैं क्या?" सर म्हणाले, "नहीं सर, कंपनी दे रहा हूँ."

पथ्याविषयी त्यांचं एक ठाम मत होतं. "मॅडम, पथ्य भुकेनं नाही मोडत. कंटाळ्यानं मोडते." रोज उकडलेलं अंडं आणि लोणी समोर ठेवलं तर पाच वर्षांचं लेकरू किती दिवस खाईल, असं ते मला विचारायचे. पण उत्तर द्यायला थांबत नसत. अंड्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्या करून त्यांच्या ते शेवया कापायचे. फुलकोबी किसून, वाफवून, तुपात जिऱ्याची फोडणी देऊन तिची खिचडी. पावसाळ्यात बैहरकडच्या बाया बाजारात वास्ते घेऊन बसायच्या, बांबूचे कोवळे कोंब. सर ते उकळून पाणी टाकून खोबऱ्यात परतायचे. जंगलातल्या सात्या निघाल्या की सायकलवर टांग टाकून सुटायचे, कारण ते अळंबे दुपारपर्यंत टिकत नाहीत. काकडीच्या होड्या, त्यात मलई. वैनगंगेतल्या बारीक मासळीची तळून केलेली चकली. पुष्कळदा ते साफ फसायचं. मित्रा एक घास तोंडात धरून बापाकडे बघत बसायची. ते स्वतः चाखायचे आणि म्हणायचे, "हौ बाप्पा, हे तं मलेही नाही जात." पुन्हा तो पदार्थ त्या घरात दिसायचा नाही.

बसमध्ये हमखास फिट यायची म्हणून वेगळी गाडी केल्याशिवाय तिला कुठं नेता यायचं नाही. त्यावर सरांनी जेवणाच्या वेळी गावं काढली होती. संध्याकाळी सात वाजले की भिंतीपलीकडून कंडक्टरची आरोळी यायची. "चलो चलो, बैहर, बैहर! उकवा वाले आगे आ जाओ!" मग मित्राचा आवाज, "बाबा, आज कोणतं गाव?" वास्ते म्हणजे बैहर, मासे म्हणजे नदीकाठचं कुठलंतरी गाव, कोबीची खिचडी म्हणजे लालबर्रा, कारण तिथे तिच्या आजोबांचं शेत. वर्गात ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे असा तो माणूस. मी माझ्या एकटीच्या ताटावर बसून ऐकायची आणि मला हसू यायचं.

शाळेत वाढदिवसाच्या टॉफ्या वाटल्या जात. त्याला पर्याय म्हणून सरांनी खोबरेलात कोको कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये टॉफ्या जमवल्या होत्या. कोणाचा वाढदिवस आहे कळलं की मित्राच्या बालवाडीच्या वर्गाकडे पळायचे. मे महिन्याच्या तोंडाशी एकदा ती टॉफी त्यांच्या खिशातच विरघळली. पांढऱ्या शर्टावर भला मोठा डाग घेऊन त्यांनी दहावीचा तास घेतला आणि मुलांनी त्या दिवशी त्यांना नवं नाव ठेवलं. ते इथं लिहीत नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा.

त्या घरात भात शिजणं बंद झालं होतं. वास मुलीला जाऊ नये म्हणून. वहिनी पोळीवर भागवायची. पण ती लालबर्र्याच्या शेतकऱ्याची लेक. एक दिवस दुपारी ती माझ्या मागच्या दारात उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, तुमच्या इथं भात उरला आहे का जी? एक घास. भात खाल्ल्याबिगर जेवल्यासारखंच नाही वाटत." तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा ती यायची. मी तिच्यासाठी जास्तीचा टाकायची. ओट्यापाशी उभ्यानंच, चोरट्यासारखी भराभरा खायची, तोंड धुवायची, बडीशेप चावायची आणि जायची. सरांना माहीत नव्हतं. आमच्या दोघींत ते एक छोटंसं सुख होतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षा सुरू होत्या. सर दिवसभर शाळेत. शनिवारी दुपारी वहिनी जेवत होती. मित्रा तिकडे झोपली होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. ती कधी उठली आणि अंगण ओलांडून आली ते कळलंच नाही. दारात उभी. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. आईच्या हाताकडे बघत होती.

"आई, काय खाऊन राह्यली?"

वहिनीनं पदर ताटावर टाकला. "काही नाही बेटा."

"भात आहे. मले माहीत आहे. मले दे ना एक घास."

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. आणि मला त्या क्षणी सरांचा राग आला. हे खरं सांगते. बाळाच्या तोंडचा घास काढणारा, आईला चोर करणारा हा कसला बाप, असं वाटलं. पाच महिन्यांत फिट आली नव्हती. एका वाटीनं काय होणार आहे? मी वाटी घेतली, भात घातला, वर वरण घातलं आणि तिच्या हातात दिली. वहिनीनं मला थांबवलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मित्रानं वाटी रिकामी केली.

संध्याकाळी सातला कंडक्टरची आरोळी आली. "चलो चलो..." एवढंच आलं आणि ताट पडल्याचा आवाज झाला. त्या संध्याकाळी तिला तीन फिट आल्या. मी मधल्या भिंतीला हात लावून उभी होते. तिकडे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सर पायरीवर बसून पट्टी उजेडात धरून पाहत होते. जांभळी नव्हती. फिकट गुलाबी, जवळजवळ कोरी. रसायनशास्त्राचा माणूस. त्याला त्या रंगाचा अर्थ सांगायला कोणी नको होतं. मी वाट पाहत होते की आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

ते म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम."

मी बादलीतली साडी पिळायला घेतली.

"परीक्षेच्या गडबडीत चार दिवस सकाळ-संध्याकाळ अंड्याचंच करून राह्यलो मी. कंटाळली असंल. कुठून तरी काही तरी खाल्लं तिनं. लेकराचा काय दोष? कंटाळा आला की मन दुसऱ्याच्या ताटात जाते."

मी ओली साडी दोरीवर टाकली आणि घरात आले.

त्यानंतर चाळीस दिवस त्या घरात एक पदार्थ दुसऱ्यांदा झाला नाही. मी मोजत होते. रोज नवं गाव. नकाशावरची गावं संपली तशी त्यांनी खोटी गावं काढली. रात्री मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले पदार्थ बघत बसायचे आणि सकाळी बाजारात जाऊन ते बालाघाटात कसे जमवायचे याच्या विचारात भाजीवालीसमोर उभे राहायचे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. वहिनीनं माझ्याकडे भाताला येणं बंद केलं. आम्ही दोघी भेटायचो, बोलायचो, पण त्या दुपारचं नाव कधी काढलं नाही.

मित्रा सावरली. पट्टी पुन्हा जांभळी होऊ लागली. पुढचे चौदा महिने तिला एकही फिट आली नाही. ती खऱ्याखुऱ्या बसमध्ये बसून लालबर्र्याला आजोबांकडे जाऊन आली. पाढे पाठ केले. पुढचे दोन दात पडले. दिवाळीनंतर पथ्य थोडं थोडं सैल करू, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते.

दिवाळीच्या आधी तिला ताप आला. साधा ताप, गावात सगळ्यांनाच येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी फिट सुरू झाली आणि थांबेना. घरात ठेवलेलं औषध दिलं, पुन्हा दिलं. इथल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि ताबडतोब गोंदियाला हलवा म्हणाले. गाडीत मागे सर मुलीला मांडीवर घेऊन, शेजारी वहिनी, पुढे मी. राजेगावच्या अलीकडे तिचं ताठरलेलं अंग हळूहळू सैल पडलं. "थांबली," वहिनी म्हणाली. "थांबली जी, पाहा ना, थांबली." मीही मागे वळून म्हणाले, "थांबली." सरांनी तिचं मनगट हातात धरलं होतं. बराच वेळ त्यांनी ते सोडलं नाही. मग ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, आता घाई नका करू."

डॉक्टर म्हणाले की तापानं झालं, असं कधीकधी होतं, कोणाच्या हातात नसतं. त्या दुपारच्या वाटीशी त्याचा संबंध नव्हता. मला हे कळतं. मी ते स्वतःला पुष्कळदा समजावून सांगितलं आहे.

सातव्या दिवशीच्या विधीला अंगणात भाताचं मोठं पातेलं चढलं. त्या घरच्या जेवणाला तीन वर्षांनी पहिल्यांदा. सरांनी सगळ्यांना स्वतः वाढलं. हातानं, ओंजळीओंजळीनं, कोणी नको म्हणालं तरी. स्वतः काही खाल्लं नाही. पुढे वहिनी घरात रोज भात करू लागली, पण त्यांनी पानात घेतला नाही. वहिनी एकदा मला म्हणाली, "मी काही म्हणत नाही ताई. जबरदस्ती कशी करू?" महिनाभरानं सरांनी अर्ज देऊन उकव्याच्या शाळेत बदली मागून घेतली. सामान भरताना काटा, पट्ट्यांचे डबे, तो आकड्यांचा कागद, काही मागे ठेवलं नाही. जाताना मला नमस्कार केला, मी केला. एवढंच.

दोन वर्षांनी, परवाच्या हिवाळ्यात, ते पेन्शनच्या कागदांसाठी शाळेत आले होते. दुपारी माझ्याकडे आले. केस पांढरे झाले होते, अंगावर थोडं मांस आलं होतं. मी चहा विचारला तर म्हणाले, "घेतो जी. साखर टाकून." आम्ही वऱ्हांड्यात बसलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. वहिनी बरी आहे, तिकडे शिवण शिकवते. ते उठायला लागले तेव्हा मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सर, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या परीक्षेच्या वेळी, शनिवारी..."

"भात ना?" ते म्हणाले.

मी हातातली बशी खाली ठेवली. "वहिनींनी सांगितलं?"

"नाही. थे तं आजवर बोलली नाही. मित्रानं सांगतलं होतं. दुसऱ्याच दिवशी. तुमच्याशी पायरीवर बोललो ना, त्याच्यानंतर."

"तरी तुम्ही मला काही..."

"काय म्हणू तुम्हाले? तुम्ही तिले उपाशी समजून देल्लं. कोणीही देल्लं असतं." ते पुन्हा खुर्चीत बसले. "मी तिले विचारलं, कसा लागला? तं म्हणे, बाबा, काही खास नाही लागत भात. फिका लागते. तुम्ही करता तेच चांगलं."

त्यांनी हातातली कागदांची पिशवी मांडीवर घेतली.

"सहा वर्साची पोट्टी. बापाले वाईट वाटू नये म्हणून बोलली का खरंच बोलली, हे मले अजून नाही समजलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्या डोळ्यांत बघून असं कधी बोलले नव्हते. "मॅडम, तुम्ही तिथं होत्या. तुम्ही पाह्यलं तिले खातानी. खरं खरं सांगा. आवडला होता का तिले?"

मला ती दिसत होती. दारातच फतकल मारून बसलेली. पहिला घास तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले होते. मग मान डोलवत, बोटं चाटत, गुणगुणत खात होती. वाटी पुसून काढली आणि वरणाचं बोट पुन्हा एकदा तोंडात घालून माझ्याकडे बघून हसली होती.

"हो सर," मी म्हणाले. "फार आवडला होता."

हळूहळू त्यांनी दोनदा मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं, तुम्ही देल्ला."

मग चपला घातल्या आणि उकव्याची गाडी धरायला निघून गेले.